मुक्या हिऱ्यांची मुद्रा

एका राज्यात राजा होता तोवर सिंहासन एक होते. राजा गेला आणि सिंहासने दोन झाली. राजाला जुळे पुत्र होते. मरताना त्याने वारसाचे नाव घेतले नाही. थोरला जयकेतु राजधानीत बसला, धाकटा भीमकेतु डोंगरातल्या किल्ल्यात बसला. मधून रत्नवाहा नदी वाहत होती आणि तिच्या पूर्वेच्या वळणावर, गाळात, हिरे सापडत होते. हिरे समुद्रापलीकडे जात, तिकडून तलवारी येत. नऊ वर्षे झाली. शेते पडीक पडली, गावे ओस पडली, पण युद्ध काही थकेना.

राजधानीत हंसावती नावाची रत्नपारखी राहत होती. गेलेल्या राजाच्या वेळचा एक नियम होता. रत्नपारखीने भर सभेत शपथ घ्यावी, "हा खडा निष्कलंक आहे, याला कोणाचे अश्रू लागले नाहीत, कोणाचे रक्त लागले नाही," आणि मग थैलीवर लाखेची मुद्रा उठवावी. त्या मुद्रेवाचून परदेशी व्यापारी खड्याला हात लावत नसत. हंसावती कधी खोटे बोलली नव्हती, हे साऱ्या मुलखाला माहीत होते. म्हणून तिच्या मुद्रेला मान होता.

खडे आणून देणारा होता कालजंघ नावाचा मांत्रिक. उंच, वाळका, भर दुपारीसुद्धा त्याची सावली त्याच्या आधी दारात येई. पहिल्या वर्षी हंसावतीने त्याला विचारले होते, "खडे कुठले?"

"नदीचे."

"काढले कोणी?"

"नदीने."

तिने खडे घेतले आणि मुद्रा उठवली. पण तिच्या तराजूला कळत होते. चण्याएवढा खडा पारड्यात ठेवला, की दुसऱ्या पारड्यात मूठभर वजने घालावी लागत. तिने तराजू बदलला. मग पुन्हा बदलला. मग खडे तोलणेच सोडून दिले आणि नुसती शपथ घेत राहिली.

हंसावतीला एकच लेक होती, कुंदा. कुंदाचे लग्न ठरले तेव्हा जयकेतु महाराजांनी तिला सोन्याच्या साखळीत ओवलेला एक हिरा पाठवला. कुंदाने तो आनंदाने गळ्यात घातला. तिसऱ्या दिवशी मायलेकी दुपारी जेवायला बसल्या. कुंदाने भाकरीचा तुकडा मोडला, तोंड उघडले आणि तिच्या तोंडून एका राकट पुरुषाचा आवाज निघाला:

"रखमे, पळ! घरात थांबू नको, पळ!"

तुकडा तिच्या हातातून गळून पडला. हंसावतीने धावत जाऊन साखळीचा फासा सोडला. साखळी हातात आली, पण खडा कुंदाच्या कंठाला चिकटून राहिला. दुसऱ्या दिवशी तो आवाज सकाळीच आला. तिसऱ्या दिवशी कुंदाला स्वतःच्या आवाजात जेमतेम दहा शब्द बोलता आले. वैद्य आले, भूत उतरवणारे पंचाक्षरी आले, मान हलवून गेले.

चौथ्या दिवशी अंगणात एक टिटवी उतरली. टिटवी नदीकाठची, शहरात ती कधी येत नसे. ती हंसावतीपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "हंसावती, हा खडा कुठला?"

"नदीचा."

"हे उत्तर कालजंघाचे. तुझे सांग."

"मला ठाऊक नाही."

"ठाऊक नाही, आणि नऊ वर्षे शपथ घेतलीस?"

हंसावती अंगणातच बसली. "माझी लेक वाचेल का?"

"तीन कामे आहेत. एक झाले की दुसरे सांगेन. लेकीचा आवाज आणखी सहा दिवस पुरेल, त्याहून जास्त नाही. आज नीघ, वळणावर जा आणि एक दिवस गाळ उपस."

हंसावतीने जाडेभरडे लुगडे नेसले, ओळख पटू नये म्हणून तोंडाला माती फासली आणि निघाली. दोन दिवसांच्या वाटेत तिला एकही चूल पेटलेली दिसली नाही. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती वळणावर पोचली आणि गाळ उपसणाऱ्यांच्या रांगेत शिरली.

तिथे शेकडो माणसे कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. म्हातारे होते, बाया होत्या. कोणी बोलत नव्हते, कण्हतही नव्हते. फक्त पाण्याचा आणि चाळण्यांचा आवाज. काठावर शिपाई होते, निम्म्यांच्या डोक्याला जयकेतूचे पिवळे पागोटे, निम्म्यांच्या डोक्याला भीमकेतूचे काळे. वाटेतल्या खिंडीत याच दोन रंगांनी एकमेकांची गावे जाळल्याचे तिने पाहिले होते. इथे ते एकाच कढईतले जेवत होते, एकमेकांना मीठ देत होते.

कोणाच्या चाळणीत खडा सापडला, की शिपाई म्हणे, "जिभेखाली धर." माणूस खडा जिभेखाली धरी आणि मग तांब्याच्या थाळीत थुंके. थाळी कालजंघाची होती. नवा माणूस असला तर थुंकताना त्याच्या तोंडून शेवटचा आवाज निघे, मग पुन्हा कधी निघत नसे. अशा रीतीने माणसाचा आवाज खड्यात जाई. खडा जड का होई, ते हंसावतीला तेव्हा समजले.

दुपार झाली. तिची बोटे सोलली होती. एवढ्यात तिच्या चाळणीत काहीतरी चकाकले. ती चाळणी पाण्यात बुडवणार, तोच पिवळ्या पागोट्याचा शिपाई ओरडला, "ए बाई! तोंडात धर तो!"

हंसावतीच्या मनात आले, आवाज गेला तर उरलेली कामे करणार कोण? लेकीला सोडवणार कोण? तिने खडा उचलला. हात ओठांपर्यंत गेला. तेव्हा शेजारच्या माणसाने तिच्या हातून खडा हिसकला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि थाळीत थुंकला. त्याचा आवाज केव्हाच गेलेला होता. खडा रिकामाच टणटणला. शिपायांना ते कळले. त्यांनी त्याला काठावर ओढून चाबकाने फोडून काढले. थाळीपाशी कोणी उरले नाही.

टिटवी लव्हाळ्यातून बोलली, "दुसरे काम. थाळीतला एक खडा घे, कानाला लाव. बोलणे संपेपर्यंत काढू नकोस."

हंसावतीने खडा घेतला, लव्हाळ्यात लपली आणि कानाला लावला. खड्यात एक बाई बोलत होती. तिने आपल्या गावाचे नाव सांगितले. काळी पागोटी आली ते सांगितले, मग पिवळी आली ते सांगितले. कोठाराला कडी कशी लावली, आत कोण कोण होते, सारे सांगितले. हंसावतीला तीनदा वाटले, खडा फेकून द्यावा. तीनदा तिने तो कानावर अधिक दाबला. बाईचे बोलणे संपले तेव्हा सूर्य कलला होता.

मार खाल्लेला माणूस काठावर पालथा पडला होता. हंसावतीने पदर भिजवला, त्याची पाठ पुसू लागली. त्याच्या दंडावर 'रखमा' असे गोंदलेले तिला दिसले, आणि ती हलकेच म्हणाली, "रखमे, पळ. घरात थांबू नको."

माणूस दचकून उठून बसला. त्याने आपल्या गळ्याला हात लावला, मग तिच्याकडे बोट केले.

"तुझा आवाज माझ्या लेकीच्या कंठात आहे," हंसावती म्हणाली. "मुद्रा माझी होती. मी हंसावती, राजाची रत्नपारखी."

त्याने तिच्या हातातला ओला पदर बाजूला सारला, आणि नदीत उतरून आपली पाठ आपणच धुऊ लागला.

टिटवी म्हणाली, "तिसरे काम. ज्यांच्यापुढे शपथ घेतलीस, त्यांच्यापुढे मोड. उद्याच्या उद्या परत नीघ."

परतीच्या वाटेवर, राजधानीच्या वेशीपाशी, कालजंघाची सावली हंसावतीच्या पायाशी आली. मागून कालजंघ आला.

"पारखीबाई, लांब गेला होतात."

"माझ्या लेकीला सोड."

"सोडतो. अगदी आज. माझ्या बोटाने खडा सुटेल, कुंदाला आवाज मिळेल, पुढच्या महिन्यात लग्न होईल. तुम्ही फक्त सभेत या आणि नेहमीसारखी शपथ घ्या."

"माझ्या शपथेवाचून तुझे काय अडते?"

कालजंघ हसला. "माझा मंत्र अर्धाच आहे. आवाज खड्यात जातो, पण राहत नाही, बोलत बसतो. खऱ्या माणसाने त्याला निष्कलंक म्हटले, की तो गप्प होतो. महाराजांनी तुमच्या लेकीला नजराणा पाठवला, तेव्हा मी म्हटले, घरच्या खड्याला शपथ कशाला, लाखेची मुद्रा कशाला. शपथेवाचून गेला, म्हणून तो एकटाच बोलतो आहे. बाकीचे गप्प आहेत, तुमच्या पुण्याईने."

हंसावतीचे तोंड "हो" म्हणायला उघडले होते. तो शब्द जिभेवर आला होता, हे तिने पुढे कोणापासून लपवले नाही. ती त्याची सावली ओलांडून वेशीतून आत गेली.

सभा भरली होती. परदेशी व्यापारी रांगेने बसले होते. सिंहासनावर जयकेतु होता आणि खांबाआड, तोंड झाकून, हिऱ्यांतला वाटा न्यायला आलेला भीमकेतूचा दूतही होता. कालजंघाने कुंदाला आणवून आपल्या शेजारी उभे केले होते. त्याचे बोट तिच्या कंठावरच्या खड्यावर होते. त्या सकाळी कुंदाला फक्त "आई" एवढेच म्हणता आले होते.

थैली समोर आली. लाख वितळली. हंसावतीने मुद्रा हातात घेतली.

"बोला," जयकेतु म्हणाला.

"हा खडा निष्कलंक नाही."

एका व्यापाऱ्याने थैलीवरचा हात काढून घेतला.

"आजचा नाही, कालचा नाही, पहिल्या वर्षापासूनचा एकही नाही. मला कोणी फसवले नाही. तराजू सांगत होता, आणि मी तराजू बदलला. माझी प्रत्येक शपथ मी परत घेते."

काहीच झाले नाही. शिपायांनी तलवारी उपसल्या. कालजंघाने कुंदाच्या कंठावर बोट दाबले आणि पोर गुदमरू लागली. हंसावतीला वाटले, सारे गेले. लेकही गेली.

मग व्यापाऱ्यांच्या थैल्यांवरची लाख तडकू लागली. एक तडकली, दहा तडकल्या. थैलीतून एक म्हातारा बोलू लागला. जयकेतूच्या मुकुटातून एक तरुणी बोलू लागली. सेनापतीच्या तलवारीच्या मुठीतला खडा त्याच्या आईच्या आवाजात त्याचे लाडाचे नाव घेऊन विचारू लागला, "अरे, आपल्याच गावाला का आलास रे?" सेनापतीच्या हातून तलवार पडली. त्याच्यामागे साऱ्यांच्या पडल्या. समुद्रापलीकडच्या राजवाड्यांतही राण्यांच्या गळ्यांतले खडे त्याच घटकेला बोलू लागले.

कालजंघाने मंत्र म्हणायला तोंड उघडले. त्यातून हवेवाचून काही आले नाही. नऊ वर्षे तो दुसऱ्यांच्या आवाजावर मंत्र म्हणत होता. शिपायांनी त्याला दोरीने बांधले तेव्हा तो एक साधा म्हातारा होता. खडा कुंदाच्या कंठावरून गळून पडला, आणि ती रडली ती स्वतःच्या आवाजात.

बोलून झाले की प्रत्येक आवाज आपल्या धन्याकडे गेला. ज्यांचे धनी उरले नव्हते, ते आवाज सात दिवस नदीवर ऐकू येत होते. मग शांत झाले.

युद्ध थांबले. दोघा भावांना त्यांच्याच शिपायांनी वळणावर आणले. ज्यांची गावे जळली, त्यांच्यातून पंच निवडले गेले, आणि दोन्ही सिंहासने मोडून राज्य पंचांच्या हाती आले. भावांना गाळ बुजवायला लावले. सारा न्याय झाल्यावर, कोणी न बोलावता, हंसावती पंचांपुढे येऊन उभी राहिली.

पंचांत तो मार खाल्लेला माणूस होता. त्याचे नाव सटवाजी.

"रखमा पळाली नव्हती," सटवाजी म्हणाला. "काल कळलं मला."

हंसावतीने मान खाली घातली. "मला शिक्षा द्या."

सटवाजी म्हणाला, "गावोगाव जा, बाई. दारात बस आणि ऐक. माफी मागू नको, कारण सांगू नको. कोणी बोललं नाही तरी बसून राहा."

हंसावती निघाली. पहिल्या गावात पहिल्या दारी एक बाई जात्यावर दळत होती. हंसावतीने आपले नाव सांगितले आणि उंबऱ्याबाहेर बसली. बाई दिवसभर बोलली नाही. दिवेलागणीला तिने दार लावून घेतले. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी बाईने जाते थांबवले, पिठाचे हात लुगड्याला पुसले, उंबऱ्याच्या आत येऊन बसली आणि बोलू लागली.

हंसावती ऐकत राहिली. ऐकणाऱ्यांचे कान असेच उघडे राहोत, आणि बोलणाऱ्यांचा आवाज ज्याचा त्याच्यापाशी राहो.