न विचारणारा राजा

केतकीनगरच्या डोंगराखाली सोनकी नावाची एक मुलगी राहायची. तिचे बाबा आजारी होते, अंथरुणातून उठतही नसत. घरात एक पांढरीशुभ्र शेळी होती. तिच्या वाटी-दोन वाटी दुधावर दोघांचं भागायचं. शेळी चरायची डोंगरावरच्या हिरव्यागार कुरणात.

एके दिवशी राजा प्रतापकेतूने आपल्या हरणांसाठी त्या कुरणाला चमचमतं सोनेरी कुंपण घातलं. खरं तर नवं काही करायचं, तर आधी सभेला विचारायचं, अशी तिथली रीत होती. राजाने विचारलंच नाही. सभेत बसायचे मोठमोठे जमीनदार. कुरण गरिबांचं, म्हणून ते गप्प राहिले. मग राजाने त्यांच्या आमराया घेतल्या. आता मात्र त्यांची झोप उडाली, पण बोलायचं धाडस कुणाला होईना.

इकडे शेळीचं दूध आटलं. सोनकी पाला शोधत कुंपणापाशी आली, तर तारांमध्ये एक इवलीशी परी अडकलेली. तिचे निळे-जांभळे पंख थरथरत होते. सोनकीचे हात खरचटले, तरी तिने परीला अलगद सोडवलं.

“एक इच्छा माग, बाळ,” परी म्हणाली. “पण ती एकट्या तुझ्यासाठी नको, आणि कुणाचं वाईट करणारी नको.”

सोनकीने विचार केला. “उद्या सभेत सगळ्यांना मनातलं खरं बोलता येऊ दे.”

दुसऱ्या दिवशी राजा सभेत म्हणाला, “आता मला तुमच्या विहिरी हव्यात.”

म्हातारे जमीनदार नागोजीराव उठले. “महाराज, गरिबांचं कुरण गेलं तेव्हा मी गप्प बसलो, ते चुकलंच. न विचारता घेणारा कुठेच थांबत नाही.”

“मी राजा आहे.”

“म्हणून तर विचारायचं.”

एकेक करत सारी सभा उभी राहिली. कुणीही मान झुकवली नाही. तेवढ्यात राजाच्याही मनातलं बाहेर पडलं, “मी विचारत नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल याची मला भीती वाटते.”

“मग हे राज्य तुमच्या हाती राहणार नाही,” नागोजीराव शांतपणे म्हणाले. राजाने मुकुट उतरवून ठेवला. त्याच दुपारी कुंपण निघालं, आमराया मोकळ्या झाल्या, गरिबांची विचारपूस झाली आणि सोनकीच्या बाबांकडे वैद्य गेले.

संध्याकाळी सभा पुन्हा भरली, तेव्हा सभेच्या दारात उभ्या सोनकीच्या खांद्यावर परी लुकलुकली. “तुम्हाला खरं बोलता यावं, हे या मुलीने मागितलं,” तिने सभेला सांगितलं आणि मोतिया उजेड होऊन ती विरून गेली.

नागोजीरावांनी सोनकीला आपल्या आसनावर बसवलं. “आता राज्य कसं चालवायचं? आधी तू सांग, पोरी.”

सोनकी ताठ बसली आणि खणखणीत आवाजात बोलू लागली.