पाय दाखव गं, अळंबी!

एक होता राजा. त्याच्या ताटात सगळं होतं, पण तोंडाला चव नव्हती. तो तान्हा असताना आई गेली, तेव्हा बुधीआय नावाच्या दाईनं त्याला रानातल्या पाड्यावर वाढवलं होतं. आता बुधीआयही नव्हती, बरं का. पावसाळा आला की राजाला तिच्या हातचं अळंबीचं कालवण आठवायचं.

एकदा काय झालं, राजा म्हणाला, "आणा रे अळंबी!" मग सेवक धावले. टोपलीभर पांढरीशुभ्र अळंबी आणली. राजाच्या घरी चिखल कसा न्यायचा? म्हणून बुडखे रानातच कापून टाकले.

मग आचाऱ्यानं पारख केली. शिजत्या कालवणात चांदीचा चमचा बुडवला, काळा पडला नाही. मग लसूण टाकला, तो पांढराच राहिला. मग बघितलं, तर गोगलगायीनं कडा कुरतडलेल्या. "ती जिवंत, मग आपणही जिवंत!" आचारी हसला.

ताटं वाढली. छोट्या राजकन्येनं, कुंदानं, घास उचलला. वाफेचा वास आला आणि राजाला बुधीआय दिसली. हातात काठी, गुडघे चिखलात. लहानपणी त्यानं अळंबी वरून खुडली की ती चापट मारायची. मग मुळाशी उकरून म्हणायची, "पाय दाखव गं बाई!"

राजानं कुंदाचा हात धरला. "आचारी, यांचे पाय कुठे आहेत?"

"मातीचे होते, महाराज. टाकले."

"ठेव तो घास, बाळा. कुणीच खाऊ नका."

"बाबा, भूक लागलीय ना!"

"लागू दे. चल माझ्याबरोबर."

मग दोघं अनवाणी रानात गेली. झाडाखाली तसलीच पांढरी अळंबी, गळ्यात झालर घालून उभी.

"पाय दाखव गं बाई!"

"इश्श, मळलेत माझे पाय," अळंबी लाजली.

राजानं काठीनं उकरलं. पाय पांढऱ्या वाटीत लपवलेला!

"ही जीव घेते, कुंदा. खाल्ल्यावर रात्रभर कळतसुद्धा नाही. चमच्याला नाही, लसणाला नाही, गोगलगायीलाही नाही."

पुढे वारुळावर दुसरी अळंबी उभी होती. "बघ की!" ती म्हणाली. तिचा पाय लांबच लांब, थेट वारुळाच्या पोटात. वाटी नाही, झालर नाही. बुधीआयच्या पाड्यावरच्या जुन्या जाणत्या बायांनी ती उलटीसुलटी करून पाहिली, तेव्हा कुठे टोपलीत गेली.

मग कालवण झालं. राजानं पहिला घास घेतला आणि डोळे पुसले. चव आली होती.

तेव्हापासून त्या वाड्यात अळंबी चिखलासकट यायची. जिची ओळख पटायची नाही, ती रानातच राहायची. सगळी सुखानं जेवली, सुखानं जगली.

आता तुमचे पाय दाखवा बघू. धुतलेत ना? मग घ्या पांघरुणात.