कडू दूध

दारांना अजून कड्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. आई गेलेल्या मांजराच्या पिल्लाला कबरी शेळीनं आपल्या दुधावर वाढवलं. पिल्लाला दात आले, तरी ते उंदरांकडे ढुंकून बघेना. एके दिवशी दूध कडूजहर लागलं.

"आई, हे असं कसं?"

"आता असंच येणार, बाळा. तुझं तू बघ."

पिल्लू रुसलं, उपाशी राहिलं, शेवटी कणगीमागं दबा धरून बसलं. उंदीर मिळाला. तो तोंडात धरून परतलं, तर कबरी कडुलिंबाचा पाला चावून आपल्याच सडांना फासत होती. डोळे भरलेले.

पिल्लानं उंदीर तिच्या पुढ्यात ठेवला.

जन्मभर पाल्यावर जगलेल्या कबरीनं तो मायेनं हुंगला. म्हणाली, "खा तू. माझं पोट भरलं."