आठवा हिस्सा

त्या दिवशी धुकं इतकं खाली उतरलं होतं की मठातल्या औदुंबराचा बुंधा दिसत होता, शेंडा दिसत नव्हता. पानापानावरून दंव टपकत होतं. धुनीचा धूर वर जाईना. तो आमच्याभोवतीच घोटाळत बसला होता, त्यालाही थंडी वाजत असल्यासारखा.

मार्गशीर्षातली पुनव. दत्तजयंतीचा दिवस.

"बाबा, त्या काढ्यात तुम्ही काय घालत होतात?"

जालिंदर बुवांनी विचारलं. विचारलं म्हणजे ओठ हलले. आवाज असा, जशी ओल्या लाकडावर बोथट करवत चालावी.

बाबांनी धुनीतलं लाकूड जरासं आत सारलं.

"कोणत्या काढ्यात, बुवा?"

बाबा म्हणजे मोहनगिर बाबा. आमच्या डोंगराच्या पायथ्याला त्यांचा दत्ताचा मठ आहे, आणि मठाच्या बांधाला लागून माझा बांध. शेजारधर्म म्हणा, की थंडी म्हणा, सकाळी मी त्यांच्या धुनीशी जाऊन बसतो. मी शिकलेला नाही. जे जसं ऐकलं तसं सांगतो.

जालिंदर बुवांचं सांगायचं तर ते याच मठात वाढले. आईबाप ऊसतोडीला जायचे, तेव्हा पोराला बाबांपाशी ठेवून जायचे. भजन इथंच शिकले. पुढं आवाज असा फुटला की गावोगावची बोलावणी यायला लागली, चौकाचौकात फोटो लागले. मागच्या जत्रेत त्यांनी चारचौघांत बाबांना सांगितलं, की आता मला अरे-तुरे करत जाऊ नका, लोक बघतात.

बाबा बरं म्हणाले.

तेव्हापासून ते त्यांना अहो म्हणायला लागले. बुवा म्हणायला लागले. त्यांनी ते कधी रागानं म्हटलं नाही. पण ते अहो कानावर आलं की मला उगीच थंडी वाजल्यासारखं व्हायचं.

तर झालं असं होतं, की बुवांचा गळा पंधरवड्यापासून बसला होता. आणि दत्तजन्माचा पाळणा या मठात त्यांनीच म्हणायचा, असं ते एवढेसे होते तेव्हापासून चालत आलेलं. मोठे गवई झाले तरी त्यांनी तो एकदाही चुकवला नव्हता. सूर्य मावळला की पाळणा हलणार होता. गळा तर उघडायचं नाव घेत नव्हता.

डॉक्टरांनी आत बत्ती मारून बघितलं होतं. काळजीचं काही नाही, थोडे दिवस बोलू नका, असं सांगितलं होतं. बोलू नका हे औषध बुवांना काही पटलं नव्हतं.

बाबांनी विचारलं, आत्तापर्यंत काय काय घेतलंत.

बुवांनी पिशवी उघडली.

ज्येष्ठमध निघालं, कंकोळ निघालं. सुंठ, मिरी, पिंपळी यांच्या पुड्या. अडुळशाची बाटली. च्यवनप्राशाचा डबा. शिलाजिताची डबी, बुटाच्या पॉलिशसारखी दिसणारी. अश्वगंधाच्या गोळ्या. सासूबाईंनी दिलेले डिंकाचे लाडू. कुणी सांगितलेला मध, कुणी सांगितलेली हळद. काही उपाशीपोटी घ्यायचं, काही जेवल्यावर. बुवा म्हणाले, उपाशीपोटी घ्यायचंच इतकं आहे की ते घेता घेता पोट भरतं.

मला हसू आलं. बाबाही हसले. मग बुवाही हसले, पण त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता.

"सगळं करून बसलो," ते म्हणाले. "आता तुमचा तो काढा तेवढा राहिलाय. लहानपणी पाजायचात, आणि दुसऱ्या दिवशी गळा घंटेसारखा वाजायचा. त्यात काय होतं, एवढं सांगा."

बाबांनी धुनीतली राख काठीनं सारखी केली.

"आठवा…"

बुवांचा चेहरा उजळला. एका वैद्यांनी त्यांना हे सांगितलेलं होतं, पाणी आटवत आटवत आठवा हिस्सा उरला की खरा काढा.

"आठवा हिस्सा. ते ठाऊक आहे मला. पण घालू काय?"

"आठवा."

"पाणी किती घेऊ?"

"आठवा, बुवा."

बुवांनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली. मलाही तेव्हा वाटलं, म्हातारा मापच सांगतोय.

मग बुवा उठले. माळ्यावरून मठाचं मोठं तपेलं खाली काढलं. त्यात कोळ्यानं घर केलेलं. बाबांच्या हाताला कंप सुटल्यापासून ते तपेलं कुणी हलवलंच नव्हतं. बुवांनी ते राखेनं घासलं, काठोकाठ पाणी भरलं, आणि पडवीतल्या तीन दगडांवर चढवलं. एवढ्या गारठ्यात गार पाण्यात हात घालताना जे तोंडात आलं, ते नीट ऐकू आलं नाही हे बरंच झालं.

पिशवीतल्या मुळ्या आणि पुड्या तपेल्यात गेल्या. डबे, डब्या आणि गोळ्या बाबांनी काठीनं एका बाजूला सारल्या. मठातली तुळस पडली. मी माझ्या बांधावरचा गवती चहा उपटून आणला, तोही पडला. बुवांनी एक काडी पाण्यात उभी धरली, ओल्याची खूण बघितली आणि खाली आठव्या हिश्शावर नखानं रेघ मारली.

ते काही बोलायला लागले, तोच बाबांनी ओठांवर बोट ठेवलं.

तपेलं चुलीवर असेपर्यंत काढा करणाऱ्यानं बोलायचं नाही, हा मठाचा जुना नेम. बुवा एकदम गप्प झाले. नेम त्यांच्या अंगात अजून होता तर.

दिवसभर ते तिथंच बसून होते.

फुंकणीनं जाळ फुंकायचे. वाफ तोंडावर यायची. कानटोपी काढून ठेवली, मग मफलर काढला. धुकं कधी विरलं ते कळलं नाही. ऊन आलं, पडवीत बसलं, आणि निघून गेलं. मध्येच बुवांनी मला खुणेनं विचारलं, आठ बोटं दाखवली, मग एक. आठवा हिस्सा झाला का?

मी खांदे उडवले. मला त्यातलं काय कळतंय.

बाबा औदुंबराखाली डोळे मिटून बसले होते. झोपले होते की जागे होते, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

दिवस कलला तशी माणसं यायला लागली. गावातल्या बाया फुलं घेऊन आल्या. माळावर ऊसतोडीवाल्यांच्या कोपी, उसाच्या पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या, तिथली माणसं पोरंबाळं घेऊन आली. पडवी भरली. यंदाच्या थंडीनं कुणालाच सोडलं नव्हतं. एक खोकायचं थांबलं की दुसरं सुरू करायचं.

पाळणा सजवणारी हौसाबाई कुणाची भीड ठेवत नाही. ती म्हणाली, काय बुवा, गळा घरी ठेवून आलात म्हणे.

बुवांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. काडी बुडवून बघितली. ओल बरोबर रेघेवर होती.

त्यांनी तपेलं उतरवलं. फडक्यातून काढा गाळला. रंग काळाभोर, वास असा की माझं चोंदलेलं नाक बसल्या जागी मोकळं झालं. मग पिशवीतून त्यांनी थर्मास काढला. चकचकीत, शहरातला. झाकण फिरवून बाजूला ठेवलं, आणि काढा त्यात ओतायला तपेलं उचललं.

"आठव, जालू."

बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

बुवांचा हात वरच राहिला.

कितीतरी दिवसांनी ते नाव त्या पडवीत ऐकू आलं होतं. मागं अहो नाही, पुढं बुवा नाही. मला वाटलं, आता हे रागावतात. हौसाबाई फुलं गुंफायची थांबली.

तेवढ्यात कोपीवरच्या एका बाईच्या मांडीवरचं लेकरू खोकलं. बारीकसं, कोरडं.

बुवांनी त्या लेकराकडं बघितलं. मग थर्मासकडं. मग पडवीच्या कोपऱ्यात, जिथं जुनी पितळी किटली उलटी टांगलेली होती, तिकडं बघत राहिले…

मलाही तेव्हाच दिसलं सगळं. एवढासा जालू, कानाला फडकं बांधलेलं, हातात स्वतःपेक्षा जड किटली. तांबडं फुटायच्या आधी कोपीकोपीवरून, दारादारावरून काढा वाटत फिरायचा. माझ्या दाराशी येऊन असा ओरडायचा, नाना, काढा आला, की गोठ्यातली गुरं उठून उभी राहायची. बायको म्हणायची, काढा नको, पण या पोराला आवर. सगळ्यांना देऊन झालं की बाबा तपेलं कलतं करून त्याला तळाचा घोटभर पाजायचे. गाळासकट.

बुवांनी थर्मासचं झाकण लावलं.

उठले. किटली काढली. तिच्यात काढा ओतला आणि पहिला द्रोण त्या लेकराच्या आईच्या हातात दिला. आधी तुम्ही घोट घ्या, म्हणाले, मग त्याला बोटानं चाटवा.

मग ते रांगेनं निघाले.

काढा कडूजहर झाला होता. माणसं घोट घ्यायची आणि तोंडं अशी करायची की शेजारचा हसायचा, मग त्याची पाळी यायची. एक म्हातारा म्हणाला, खोकला राहू द्या, हे परत घ्या. हौसाबाईनं पदराखालून गुळाचा खडा काढला आणि किटलीत टाकून दिला. वर म्हणाली, जालू, गवई झालास पण हाताला चव नाही रे आली.

जालू म्हणाली ती. कुणाला त्यात वेगळं वाटलं नाही. त्यालाही वाटलेलं दिसलं नाही. आणि तुम्हाला सांगतो, मीही आता त्याला जालूच म्हणतोय, ते माझ्या लक्षात आत्ता आलं.

मला द्रोण दिला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. धूर फार होता पडवीत.

किटली संपली, तपेलं संपलं. जालूनं तपेलं कलतं करून आत बघितलं. फडक्यात नुसता चोथा होता.

सूर्य डोंगराला टेकला.

घंटा वाजली. बायांनी पाळण्याची दोरी हातात घेतली आणि सगळ्यांनी जालूकडं बघितलं. तो उभा राहिला. हात जोडले.

त्यानं सुरू केलं.

वर नाही लावला आवाज. कार्यक्रमात लावतो तसा नाही. खाली, अगदी खाली, घरात झोपलेलं लेकरू असताना आई म्हणते तसा. पहिलं कडवं निघालं. दुसऱ्यात आवाज मध्येच फाटला, तेव्हा बायांनी तो अलगद उचलून पुढं नेला. जालूला दम मिळाला. तिसऱ्यात तो पुन्हा आत शिरला. असं आळीपाळीनं होत होत पाळणा पार झाला. पूर्वी आम्ही त्याचा पाळणा ऐकत असू. त्या दिवशी तो आम्ही सगळ्यांनी म्हटला, ऊसतोडीवाल्यांनीसुद्धा, आणि ते लेकरू न खोकता झोपून गेलं.

गुलाल उडाला. सुंठवडा वाटला. पडवीत इतका गलका झाला की थंडी कुठं गेली ते कुणी विचारलं नाही.

माणसं पांगली तेव्हा चंद्र वर आला होता. मी आणि बाबा धुनीशी बसलो होतो. डबे आणि डब्या अजून तिथंच पडल्या होत्या, फक्त लाडू संपले होते. ते कुणी खाल्ले ते मी सांगणार नाही.

जालू पलीकडं विहिरीवर तपेलं घासत होता. मध्ये आख्खं अंगण, आणि त्याच्या पलीकडं माझा बांध.

मी बाबांना म्हटलं, सगळ्यांना मिळाला काढा, पण ज्यानं केला तो कोरडाच राहिला की.

बाबांनी घोंगडी गुडघ्यावर ओढून घेतली.

तेवढ्यात विहिरीवरून हाक आली.

"बाबा… माझ्या वाट्याचं काहीच उरलं नाही हो."

माझ्या गोठ्यातली गुरं खडबडून उठली. गळ्यातल्या घंटा वाजल्या.

बाबांनी कान टवकारले. मग माझ्याकडं वळून, तोंडावरचं हसू दाढीत लपवत, हा माझा शेजारी मला म्हणाला,

"गेनू, बघ रे जरा. एवढ्या मोठ्यानं कोण ओरडतंय?"