मुरमाड रानातला नांगर

पुष्कळ वर्षं झाली या गोष्टीला. डोंगराच्या उतारावर एक लहानसं गाव होतं. एका उन्हाळ्यात गुरांवर रोग आला आणि गावातले जवळजवळ सगळे बैल दगावले. पेरणी तोंडावर आली, तरी कुणाचंच रान नांगरून झालं नव्हतं.

गावात गुणाबाईकडे तेवढा एक छोटा ट्रॅक्टर होता, तोही गवत आणि लाकूड वाहण्यापुरता. तिने दुसऱ्या गावातून मोठ्या ट्रॅक्टरचा नांगर मागून आणला आणि त्याला जोडला. नांगर मातीत शिरला मात्र, ट्रॅक्टरचं तोंडच वर उचललं गेलं!

शेजारचा भिवाजी बांधावरून म्हणाला, "वहिनी, खेळण्यानं कुठं रान नांगरतं होय? यंदा जमिनी पडीक राहणार. गाव सोडायची तयारी करा."

"गाव सोडायला पाय आहेतच, भावजी," गुणाबाई म्हणाली. "आधी हात तर चालवून बघू."

गोठ्यात बैलांचा लोखंडी नांगर गंजत पडला होता. तो घेऊन ती रंगनाथ लोहाराकडे गेली. फाळ जुनाच ठेवून दोघांनी त्याला ट्रॅक्टरला जोडता येईल असा सांगाडा बसवला. पण तो नांगर इतका खोल घुसला, की चाकं जागच्या जागी फिरू लागली. मग फाळ थोडा आडवा केला, तर तो नुसताच माती खरवडत निघाला.

भिवाजी हसला. रंगनाथही घाम पुसत म्हणाला, "बाई, सोडून द्या आता."

गुणाबाई नांगराने पाडलेल्या तासात उतरली. कुठे फाळ रुतला होता, कुठे उचलला गेला होता, ते तिने बोटांनी चाचपून पाहिलं. "दादा, याला खोली कळत नाहीये," ती म्हणाली. "याच्यापुढे एक चाक लावा. चाक जमिनीवरून चालेल आणि फाळ ठरल्यापेक्षा खाली जाणार नाही."

मोडक्या हातगाडीचं चाक त्यांनी बसवलं. पुढचं तोंड दबून राहावं म्हणून ट्रॅक्टरवर वाळूचं पोतं बांधलं. गुणाबाईने ट्रॅक्टर सुरू केला.

आणि माती उलटली! एकसारखं, सरळ तास बांधापर्यंत गेलं. रंगनाथने टोपी हवेत उडवली. बायका डोक्यावरच्या घागरी तशाच घेऊन बघायला धावल्या.

भिवाजीने घाईघाईने हुबेहूब तसाच नांगर करून घेतला आणि गुणाबाईचा ट्रॅक्टर नेला. पण त्याचं रान ओढ्याकाठचं, ओलसर चिकण मातीचं. चाकाला चिखल चिकटला आणि ते फिरेनासं झालं. तो मान खाली घालून आला.

गुणाबाई हसली नाही. ती त्याच्या रानात गेली, मूठभर माती दाबून पाहिली आणि म्हणाली, "भावजी, माझा नांगर माझ्या कोरड्या, मुरमाड रानासाठी आहे. तुमच्याकडे चाक काढून वाकवलेली पट्टी लावू. ती चिखलावरून घसरत जाईल."

पट्टी बसली आणि चिकण रानही नांगरून निघालं. मग तो ट्रॅक्टर घरोघरी फिरला. ज्याचं रान जसं, तसा रंगनाथने नांगर जुळवून दिला. पाऊस आला तेव्हा गावात एकही शेत नांगरायचं राहिलं नव्हतं, आणि गाव सोडून कुणीही गेलं नाही.

बोध एवढाच : दुसऱ्याची युक्ती जरूर घ्यावी, पण ती आपल्या मातीला जुळवून घेतली तरच फळते.