खुडूक कवडी

कोंबड्यांनाही चारचौघांची भीड वाटायची, त्या काळची गोष्ट. कवडी नावाची कोंबडी पहिल्यांदाच खुडूक बसली आणि भुशाच्या टोपलीतल्या अंड्यांवरून हलेचना. दाणा टिपायला नाही, पाणी प्यायला नाही. कोंबडा येता-जाता मान उंचावून सांगायचा, "आई असावी तर आमच्या कवडीसारखी!" मग तर तिला उठायचीही चोरी झाली.

एका दुपारी म्हातारी चितळी कोंबडी टोपलीपाशी आली. "ऊठ गं बाई. जरा माती उकरून ये."

"अंडी गार पडली तर? सगळे काय म्हणतील?"

"मी बसते की. माझ्या पिसांत काय ऊब नाही होय? आणि त्या कोंबड्याच्या कौतुकानं पोट भरत असतं, तर आपण दाणे कशाला टिपले असते?"

कवडी लटपटत उठली. पाणी प्यायला परातीवर वाकली, तर पाण्यात तिचा कुंकवासारखा लाल तुरा पार फिकटलेला दिसला. ती स्वतःकडे बघतच राहिली. मग पोटभर प्यायली, दाणे टिपले, उन्हात धुळीत मनसोक्त लोळली. परतली तेव्हा अंडी तशीच उबदार होती.

त्यानंतर रोज कुणी ना कुणी येऊन बसायची. पिल्लं निघाली तेव्हा कोंबडा आरवला, "बघा, एकट्या माउलीची पुण्याई!" कवडी आणि चितळी एकमेकींकडे बघून हसल्या.

पुढे तांबडी कोंबडी खुडूक बसली. कोंबड्यानं कौतुकाला मान उंचावली, तोवर कवडी तिच्या टोपलीपाशी पोचलीसुद्धा.

"सरक गं," ती म्हणाली. "आधी पाण्यात स्वतःचा तुरा बघून ये."