पिवळ्या साडीची राखण

बोरखेडात गेनबा नावाचा एक भोळा माणूस होता. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. त्याच्यावर संकटं यायची ती त्यामुळेच.

त्याची भाची शाल्मली शिकागोत शिकत होती. तिथेच तिचं लग्न ठरलं. आईला व्हिसा मिळाला नाही, तेव्हा माहेरचं माणूस म्हणून एकटा गेनबामामा निघाला. आईने घेतलेली पिवळी साडी त्याच्या पिशवीत होती. मामाने आणलेली पिवळी साडी नेसायची, मामाच्या हाताला धरून बोहल्यावर जायचं, एवढीच शाल्मलीची हौस होती.

तिला वाटलं होतं, पहिलाच विमानप्रवास, मामा घाबरून गेलेला असेल. विमान उतरल्यावर तीन तासांनी मामा विमानतळाबाहेर आला तो हसत. घाबरला होता सोबतचा अधिकारी.

"एवढा वेळ कुठे होतास?"

"पासपोर्ट मागत होता. तुझी आई म्हणाली होती, पासपोर्ट कुणाच्या हातात द्यायचा नाही. मी म्हटलं, लांबून बघ."

शाल्मलीने कपाळाला हात लावला. "मामा, असं नाही करायचं. मोठं शहर आहे. कुणी काही मागितलं की हुज्जत न घालता देऊन टाकायचं. जीव महत्त्वाचा."

"बरं. पुढच्या वेळी."

"आणि खर्चाला दिवसाला वीस डॉलर."

"कमी केले तर?"

"नको रे, उपाशी राहशील. वीस म्हणजे वीस."

दुसऱ्या दिवशी मामा फिरायला गेला आणि कुडकुडत परत आला. स्टेशनबाहेर एका माणसाने त्याच्याकडे एक डॉलर मागितला होता. मामाने पाकीट दिलं. कोट दिला. टोपीही दिली. टोपी त्याने परत केली. मापाची नव्हती.

"अरे मामा, सगळंच?"

"हुज्जत घातली नाही. जीव वाचला."

शाल्मली वैतागली. "आता नीट ऐक. किमती गोष्ट कधी एका जागी ठेवायची नाही. थोडी थोडी करून वेगवेगळ्या ठिकाणी लपवायची. एक गेली तरी बाकीच्या राहतात."

मामाने ते दोनदा घोकलं. "बरं. पुढच्या वेळी."

लग्नाच्या आदल्या दिवशी शाल्मली मेंदी काढायला निघाली. जाताना म्हणाली, "मामा, साडी फार किमती आहे हं. जपून ठेव."

"ते आता शिकवू नकोस," मामा म्हणाला.

संध्याकाळी मेंदीचे हात वर धरून ती घरी आली. मामा टेबलापाशी ऐटीत बसला होता. समोर कात्री.

"साडी कुठाय?"

"एक तुकडा तांदळाच्या डब्यात. एक गादीखाली. एक माझ्या मोज्यात. एक फ्रीजच्या मागे. चोराच्या बापाला सापडायची नाही!"

शाल्मली मटकन खाली बसली. "मामा, चार तुकडे केलेस?"

"चार कसे? पाच. पाचवा पोस्टाने बोरखेडला धाडला. सगळ्यात सुरक्षित जागा. शिवाय आजच्या विसातले अठरा डॉलर उरले होते, तेही संपले."

तिचे डोळे भरून आले. मेंदीमुळे पुसताही येईनात. मामाने आपल्या धोतराच्या सोग्याने ते पुसले.

"रडतेस कशाला, बाय? एक गेला तरी चार राहतात. तूच म्हणाली होतीस."

रडता रडता तिला हसू फुटलं.

सकाळी तिने चारही तुकडे जोडून शेला शिवला, दुसऱ्याच एका साडीवर खांद्याला घेतला. मोज्यातल्या तुकड्याला जरा वास होता. तेवढ्यात मामा नवी टोपी घालून दारात आला. त्याने तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"चल, बाय. पण एक विचारतो. आज घरात सगळ्यात किमती तूच. मग तुला अशी अख्खीच न्यायची?"

शाल्मलीने तिथल्या तिथे ठरवलं, मामाला आता जन्मात काही शिकवायचं नाही. एका हाताने तिने त्याचा हात घट्ट धरला आणि दुसऱ्या हाताने टेबलावरची कात्री उचलून पर्समध्ये टाकली.